मूसीचा पूर आणि आमच्या घरचा कंदील

आमच्या घरी नवरात्रात अखंड दिवा समईत नसतो, कंदिलात असतो. चार बाजूंना काचा, वर पितळी कडी आणि आत तेलाची पणती. घटाची परडीसुद्धा पाटावर नुसती ठेवलेली, खाली धरायला कड्या असलेलं पितळी ताट. लातूरची मावशी दरवर्षी हसायची. "हे काय गं तुमचं हैदराबादी नवरात्र? देवी बसलीय का प्रवासाला निघालीय?" आई काही बोलायची नाही. आमच्याकडे असंच असतं, एवढंच उत्तर.

असंच का असतं, ते मला पणजीने सांगितलं. घरात सगळे तिला जीजी म्हणायचे. १९०८ साली ती बारा वर्षांची होती, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासर होतं गौळीगुड्याच्या खालच्या अंगाला, मूसीपासून हाकेच्या अंतरावर. मी दहा-बारा वर्षांचा असताना दुपारी वाती वळत बसली की ती हे सांगायची. तेव्हा मला ते भुताच्या गोष्टींसारखं वाटे. पुढे नोकरीतून मोकळा झाल्यावर वाचन केलं, जुने नकाशे बघितले, नदीकाठाने पायी हिंडलो. जीजीच्या सांगण्यातलं किती खरं होतं ते तेव्हा कळलं.

आधी थोडी जागेची ओळख देतो, कारण आपल्यातले बरेचजण आता हैदराबादेत राहत नाहीत, आणि जे राहतात त्यांनाही मूसी म्हणजे नाक दाबून ओलांडायचा नाला एवढंच ठाऊक. मूसी पश्चिमेला विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगवते, शहराच्या मधोमध पूर्वेला जाते आणि पुढे कृष्णेला मिळते. शहरात शिरायच्या आधी लंगरहौजजवळ तिला ईसी मिळते. दक्षिण काठावर तटबंदीतलं जुनं शहर, चारमिनार वगैरे. उत्तर काठावर अफझलगंज, बेगमबाजार, गौळीगुडा, आणि त्यावर चढाने गेलं की रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतानबाजार. आपली मराठी वस्ती या उत्तर काठावर बरीच होती. कचेऱ्यांतले कारकून, वकील, मास्तर, सावकारांचे मुनीम. विवेक वर्धिनी पाठशाळा आदल्याच वर्षी, १९०७ साली सुरू झालेली. केशवराव कोरटकरांसारखी माणसं नुकती उभी राहत होती. जीजीचे सासरे कचेरीत नकलनवीस होते. मोडीही लिहायचे, फार्सीही.

घर मातीच्या भिंतींचं, वर माळवद. काठावरची बहुतेक घरं अशीच. एरवी भक्कम. उन्हाळ्यात गार, चोराला फोडायला दोन रात्री लागतील इतकी जाड भिंत. पण मातीच ती.

२८ सप्टेंबर १९०८, सोमवार. पंचांग बघितलं तर आश्विन शुद्ध तृतीया, म्हणजे नवरात्राची तिसरी माळ. आणि त्याच सुमारास रमझान लागलेला, पहिला-दुसरा रोजा. या दोन गोष्टींनी आमच्या घराचं काय व्हायचं ते ठरवलं. रमझानने आम्हाला वाचवलं. नवरात्राचं मी पुढे सांगतो.

पाऊस आदल्या दिवसांपासून कोसळत होता. विश्वेश्वरय्यांनी पुढे नोंदवलेल्या आकड्यांप्रमाणे शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस पडला. इथे वर्षभरात साधारण तीस-बत्तीस इंच पडतो, हे लक्षात घ्या. पण घरात कुणाला भीती वाटली नव्हती. मूसी दर पावसाळ्यात फुगायची, लोक पुलावर जाऊन बघून यायचे, कुणीतरी नारळ टाकायचं, दुसऱ्या दिवशी ती उतरायची.

शेजारी एक भिस्ती राहायचा. पखालीने घरोघर पाणी घालायचा, आमच्याकडे नाही (आजेसासूबाई सोवळ्याच्या, पखालीचं पाणी चालत नसे), पण येता-जाता बोलणं होतं. सहेरीसाठी तो पहाटे उठला, पाणी घ्यायला म्हणून दार उघडलं आणि त्याला आवाजावरून कळलं. जन्मभर नदीशी काम असलेला माणूस. जेवण टाकून तो गल्लीतली दारं बडवत सुटला. "उठो मां, नद्दी चढ रई! निकलो, निकलो!" जीजी त्याची नक्कल करायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

अख्खं शहर गाढ झोपेत असायची ती वेळ. रमझान नसता तर भिस्तीही झोपलेला असता.

सासूबाई उठल्या, मोरीकडे गेल्या, तर मोरीत पाणी. बाहेरून आलेलं नाही, मोरीतूनच वर आलेलं, काळं, बुडबुडे येत असलेलं. अंगणात अजून घोटाही बुडत नव्हता. जीजी म्हणायची, "पाणी दारातून येईल म्हणून आम्ही दाराकडं बघत होतो. ते मागच्या मागं मोरीतून आलं." आणि दुसरं एक म्हणायची, "पाणी धावत येत नाही रे. ते उभं राहत येतं." एवढ्या वर्षांत पुराबद्दल मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

मामंजींनी, म्हणजे जीजीच्या सासऱ्यांनी, कंदील पेटवला आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. सासूबाई, सतरा वर्षांचा थोरला मुलगा म्हणजे जीजीचा नवरा, जीजी आणि तीन वर्षांचा धाकटा दीर. राहिल्या आजेसासूबाई. त्या देव्हाऱ्यासमोरून हलेनात.

आपल्याकडे घट बसले की घर बंद करत नाहीत, अखंड दिव्याला एकटं ठेवत नाहीत, हे सांगायला नको. आजही कित्येक घरांत नवरात्रात सगळ्यांनी मिळून गावाला जात नाहीत. आजेसासूबाईंनी साठ वर्षं ते पाळलेलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. दिवा शांत झाला तर घराला काय राहिलं? पाणी येईल आणि जाईल. मी माळवदावर जाऊन बसते." त्या वेड्या नव्हत्या, हे मी मुद्दाम लिहितो. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. पण त्यांच्या हिशेबात चूक एकच होती. माळवद उंच होतं, भिंत जाड होती, पाणी तिथवर चढणार नाही हा अंदाज बांधणारी माणसं त्या दिवशी शहरभर होती.

मामंजी सगळ्यांना घेऊन चढाच्या तोंडापर्यंत आले. धाकट्याला जीजीच्या कडेवर दिलं. बारा वर्षांची पोर ती. थोरल्याला म्हणाले, "यांना वर ने. मागं बघू नको. मी आईला पाठीवर घेऊन आलोच." आणि परत फिरले.

ते आले नाहीत. आजेसासूबाईही नाहीत.

हे जीजी एका दमात सांगायची आणि लगेच वातीकडे वळायची. रडली वगैरे कधी नाही. मी एकदा विचारलं, मामंजी परत गेले ते बरोबर की चूक? ती म्हणाली, "त्यांची आई होती ती." मग थोड्या वेळाने, "पण पहिल्यांदाच पाठीवर घेऊन निघायला हवं होतं. विचारत बसले."

शहराचं काय झालं ते आता पुस्तकांतून मिळतं. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल, चादरघाटचा पूल, तिन्ही मोडले. टिकला तो १५७८ सालचा पुराना पूल, सगळ्यांत जुना. शहराचे दोन तुकडे झाले. अफझलगंजचा दवाखाना नदीकाठीच होता, तो वाहून गेला. त्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड आजही उस्मानिया दवाखान्याच्या आवारात उभं आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला काही मंडळी तिथे जमतात. मी दोनदा गेलो आहे. झाड बघितल्यावर पहिली गोष्ट मनात येते ती ही, की दीडशे माणसं यावर मावली कशी.

चिंचेच्या उलट गोष्ट पेटला बुरुजाची. दगडी बुरूज, उंच, आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या शेकडो लोकांना तीच सुरक्षित जागा वाटली. पाण्याने बुरुजाचा पाया खाल्ला आणि तो माणसांसकट गेला. ऊर्दूचे कवी अमजद हैदराबादी त्या पुरात आई, बायको आणि मुलगी गमावून एकटे वाचले. पुढे 'क़यामत-ए-सुग़रा' या कवितेत त्यांनी ते लिहिलं. मेलेल्यांचा आकडा सर्रास पंधरा हजार सांगतात. बेघर झालेले ऐंशी हजारांच्या घरात. शहराची वस्ती तेव्हा साडेचार-पाच लाख होती, म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एकाचं छप्पर गेलं.

निजाम महबूब अली खान यांनी नदीकाठी जाऊन सोवळं नेसून मूसीची पूजा केली, ओटी भरली आणि मग पाणी उतरलं, ही गोष्ट हैदराबादेत घराघरात सांगतात. जीजीही सांगायची. पूजा केली असेल. पाणी उतरलं ते वरचा पाऊस थांबला म्हणून, असं मला वाटतं. पण महबूब अली खानांनी राजवाड्यांची दारं उघडली, लंगर चालवले, तिथे जातपात न बघता लोकांना जेवायला मिळालं, हे मात्र आमच्या घरचंच आहे. सोवळ्यातल्या सासूबाई पोरांना घेऊन तिथल्या भातावर राहिल्या. त्याबद्दल घरात पुढे कुणी कधी एक शब्द काढला नाही.

पाणी ओसरल्यावर जीजीचा नवरा घर शोधायला गेला तर गल्लीच नव्हती. सपाट चिखल. कुणाचं घर कुठे होतं ते कळेना. चार लोक काठ्यांनी चिखल टोचत हिंडत होते. तिसऱ्या दिवशी काठीला दगड लागला, उकरलं तर जातं. आमचं जातं, खुंट्याशी टवका उडालेला. त्यावरून स्वयंपाकघर कुठे ते कळलं, स्वयंपाकघरावरून देवघर. देवघराच्या जागी काहीच नव्हतं. ते जातं आता माझ्या अंगणात आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

भिंत का पडली ते समजून घेण्यासारखं आहे. मातीच्या भिंतीला पाण्याचा जोर लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. तीन-चार तास पायथ्याशी पाणी उभं राहिलं की खालची माती विरघळते आणि वरचं माळवद, जे स्वतःच काही टन मातीचं, सरळ खाली बसतं. म्हणजे उंचावर चढलेला माणूसच ढिगाऱ्याखाली जातो. त्या दिवशी ज्यांनी पहिल्या हाकेला कोरड्या पायांनी चढ गाठला, ते वाचले. ज्यांनी आपल्या भिंतीवर विश्वास टाकला, त्यांतले फार गेले. चिंचेला मुळं होती, बुरुजाला नुसता पाया होता.

आणि पाणी इतकं आलं कुठून? पुढच्या वर्षी, १९०९ साली, निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. आपल्याला ते माहीत आहेत ते पुण्यामुळे. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. त्यांनी मूसीचं खोरं तपासलं तेव्हा दिसलं, की वर ७८८ तलाव होते आणि त्यांतले २२१ फुटले होते. काकतीय-कुतुबशाही काळापासून इथे तलावांच्या साखळ्या आहेत. वरच्या तलावाचं सांडपाणी खालच्यात, त्याचं त्याच्या खालच्यात. दुष्काळी मुलखासाठी फार शहाणी व्यवस्था. पण बांध राखले नाहीत आणि वरचा एक फुटला, तर तो एकटा फुटत नाही, खालच्यावर जाऊन आदळतो. शहरात शिरलेलं पाणी त्यांनी मोजलं ते सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट. त्यांच्या सल्ल्याने मूसीवर उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. काठावर भिंती आणि बागा आल्या, वस्ती मागे सरकवली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी नळ उघडून त्या दोन तलावांचं पाणी प्यायलं, आणि पूर विसरून गेल्या.

आमच्या घरात मात्र सासूबाईंनी पुढच्या वर्षीपासून समई बंद केली. भाड्याच्या खोलीत नवरात्र बसलं तेव्हा दिवा कंदिलात ठेवला आणि म्हणाल्या, पाणी येवो, आग लागो, रोगराई येवो, देवीला उचलायचं आणि चालू लागायचं. ती आपल्यासोबत आली नाही तर ती कसली देवी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. धर्मशास्त्रात याला आधार आहे का, मला माहीत नाही आणि विचारायला मी कधी गेलो नाही. दुसरा नियम मोरीचा. मोरीतून पाणी वर आलं की दाराकडे बघत बसायचं नाही, निघायचं. म्हातारं माणूस आणि मूल आधी. सामानाला परत फिरायचं नाही.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने २०२० साली काय केलं, ते आता लिहितो.

आम्ही सरूरनगरच्या बाजूला राहतो, तलावाच्या खालच्या अंगाला. घर घेतलं तेव्हा मी जुना नकाशा बघितला नव्हता, नंतर बघितला. तळमजल्यावर आम्ही, वर खम्मंकडचं एक भाडेकरू कुटुंब. १३ ऑक्टोबरला बेगमपेठच्या वेधशाळेत एका दिवसात एकोणीस सेंटिमीटर पाऊस नोंदवला गेला. शहरभर हाहाकार. बंडलागुड्यात भिंत घरांवर कोसळून माणसं गेली. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं, दोन पायऱ्या चढलं आणि उतरलं. मी मनात म्हटलं, झालं, जास्तीत जास्त एवढंच येतं.

१७ तारखेला शनिवार, घटस्थापना. त्या वर्षी अधिक आश्विन आल्याने नवरात्र उशिरा. सकाळी आईने घट बसवले, कंदील लावला. ब्याऐंशी वर्षांची आई, साखरेचा आजार, दिवसाला दोन इंजेक्शनं. संध्याकाळी पुन्हा पाऊस सुरू झाला. त्या रात्री बाळापूरकडचा गुर्रम चेरुवू फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते बातम्यांत तुम्ही वाचलं असेल. आमचा तलाव फुटला नाही, पण भरून वाहत होता, आणि नाल्यांना जायला जागा नव्हती.

आठ-साडेआठला आई न्हाणीघरात गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मोरीतून आलं. चला."

मी म्हटलं, थांब गं, आत्ता कुठे येतंय. बायकोने मेन स्विच पाडला, गॅसची टाकी बंद केली, ते तिचं शहाणपण. मी विटा शोधत होतो. फ्रीज चार विटांवर चढवला. मग इन्व्हर्टर. मग पुस्तकांचा खालचा खण, मग गाडी आठवली. गाडी चढावर लावून येतो म्हणून किल्ली घेतली. बाहेर अंधार, पाणी मांडीपर्यंत आणि ओढ असलेलं. गटाराची झाकणं उघडी असणार हे माहीत असून मी पायरी उतरत होतो.

आई खुर्चीवर बसली होती. औषधांची पिशवी खांद्याला, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर, कंदील हातात. ती म्हणाली, "तुझे घट बसलेत का रे त्या गाडीत?"

एवढंच. मी किल्ली ठेवली.

बाहेर जायचं नाही, वर जायचं, हे आम्ही ठरवलं, आणि इथे मला जीजीपासून वेगळं वागावं लागलं. तिच्या वेळी वर जाणं म्हणजे मरण होतं. आमचं घर सिमेंटच्या खांबांवर उभं, जमीन कठीण, आणि रस्त्यावर रात्री ओढीचं पाणी. अशा वेळी वरचा मजलाच बरा. पण संध्याकाळी सातला, रस्ता कोरडा असताना, बहिणीकडे काचिगुड्याला निघून जाणं याहून कितीतरी बरं होतं. आणि घर जुनं, नुसत्या विटांचं किंवा मातीचं असेल, तर वर जायचा विचारही करू नका. आपलं घर कशाचं आहे हे पाऊस नसताना बघून ठेवायला लागतं. रात्री कंदील घेऊन ते कळत नाही.

भाडेकरूंनी आम्हाला घेतलं. उप्पीट केलं. आईला कंदील जिन्यावरून नेताना वाऱ्याने विझला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काडेपेटी कुठाय?" आणि वर जाऊन परत लावला.

रात्री एकच्या सुमाराला लक्षात आलं, की इंजेक्शनच्या बाटल्या फ्रीजमध्ये राहिल्या. पिशवीत सुया होत्या, गोळ्या होत्या, औषध नव्हतं. मी फ्रीज विटांवर चढवला होता, त्यातलं काढलं नव्हतं. सकाळचा डोस सातला. गल्लीत कधी होडी येईल ते कुणाला माहीत नाही. मी खाली गेलो. सामानाला परत फिरायचं नाही हा नियम मोडून, जिन्याचा कठडा धरून, कमरेइतक्या पाण्यात, बॅटरी दातांत धरून. वीज बंद होती म्हणून निभावलं. फ्रीज विटांवरून घसरून आडवा तरंगत होता. दार उघडायला मला बहुधा पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांत मामंजींची आठवण आली, असं लिहायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे काहीच आठवलं नाही. नुसती घाण वास येणाऱ्या पाण्याची भीती वाटली.

बाटल्या मिळाल्या. वर आलो तर आई जागी. ती माझ्याशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. आईला खुर्चीसकट उतरवलं. पुढचे सात दिवस बहिणीकडे, कंदील तिच्या देवघरात. दसऱ्याला घट तिथेच हलवले. घरातला चिखल काढायला पंधरवडा लागला, गाडी भंगारात गेली, पुस्तकं गेली. त्यांत मी जीजीचं सांगणं उतरवून ठेवलेली एक वहीही गेली, म्हणून हे आता आठवेल तसं लिहितोय.

आता आमच्याकडे जून ते ऑक्टोबर दाराशी पिशवी टांगलेली असते. आधार, बँकेची पासबुकं, घराच्या कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये, बॅटरी, शिट्टी, दोन दिवसांच्या गोळ्या, चणे-फुटाणे, पाण्याच्या दोन बाटल्या. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी चिकटवलीय, "आधी औषध काढ". आई २०२३ मध्ये गेली, चिठ्ठी अजून तशीच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या दोन्ही तलावांची दारं उघडली आणि मूसी पुन्हा चढली. इमलीबनच्या बसस्थानकात रात्री पाणी शिरलं, प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, चादरघाट-मूसारामबागच्या वस्त्यांतून माणसं हलवली. तारीख २६-२७ सप्टेंबर, दिवस नवरात्राचे. टीव्हीवर एक म्हातारी दारात बसून हलायला तयार नव्हती. दोन पोलिसांनी तिला विचारत न बसता खुर्चीसकट उचललं. मी बायकोला हाक मारून ते दाखवलं.

शेवटी एक विनंती आहे. जीजीच्या गोष्टीत मामंजींचं नाव आहे, सासूबाईंचं आहे, कडेवरच्या दिराचंही आहे. त्या भिस्तीचं नाव नाही. आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं, त्याला नुसतं भिस्तीच म्हणत. आमचं दार वाजवून तो पुढे गेला, नदीच्या बाजूच्या घरांकडे. पुन्हा त्याला कुणी बघितलं नाही. तो वाचला की गेला, त्याच्या घरचे कुठे राहिले, जीजीला अखेरपर्यंत कळलं नाही. गौळीगुडा, जांबबाग, अफझलगंज भागातली जुनी घरं तुमच्यापैकी काहींची असतील. त्या रात्री दारं वाजवत फिरलेल्या भिस्तीबद्दल तुमच्या आजी-पणजीने काही सांगितलं असेल, तर मला जरूर कळवा.